टीम बाप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मुलाजवळ नाही, सुनेजवळ नाही. रोज सकाळी देवापुढे उदबत्ती लावतो, तिथेही दुसरंच काहीतरी पुटपुटून उठतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर जीभ उचलत नाही माझी. खरं म्हणाल तर तुमच्यासमोरही उचलत नव्हती. कागद घ्यायचा, दोन ओळी खरडायच्या, फाडायचा — असं किती दिवस चाललंय.

शिक्षण माझं चौथीपर्यंत, तीही अर्धीच. रायगडातून भाईंदरला आलो, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. अक्षर वाकडं आहे, काना-मात्रा चुकतील. नातीला सांगितलं असतं तर तिने फोनवर भराभर लिहून दिलं असतं. पण तिलाच तर हे कळता कामा नये — म्हणजे, मला तसं वाटतं. का वाटतं, ते शेवटी सांगतो. तेवढा धीर राहिला तर.

आता आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहतो. मी, मुलगा सुरेश, सून आणि नात सई. सई कॉलेजात आहे. मी दुपारचा गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. एकदा असाच बसलो होतो आणि आत सई आणि तिची मैत्रीण हेतल, दोघींचं जोरात भांडण चाललेलं. माझ्या कानावर आलं ते असं — लग्न होऊन गेली त्या दिवसापासून त्याने तिला कोंडून ठेवलंय, बाहेरचं माणूस दिसू देत नाही, आणि तरी ही बाई म्हणते माझं त्याच्यावर प्रेम आहे. हेतल म्हणते, त्याचाही नाइलाज आहे, शाप आहे त्याला. सई म्हणते, शाप असू दे नाहीतर ताप असू दे, कोंडायचं म्हणजे काय?

माझं डोकं फिरलं. मी उठून आत गेलो आणि म्हटलं, "कुणाची पोर आहे ही? कुठल्या बिल्डिंगमधली? पोलिसात गेलात की नुसत्या इथे बसून चर्चा करताय?"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मग असं हसू फुटलं त्यांना की हेतल सोफ्यावरून खाली. "अरे आबा, वो किताब में है! वो तो रानी है, धुएँ के महल में!"

"धुकं गं, धूर नाही," सई म्हणाली. "आबा, कादंबरी आहे ती. मोबाइलवर येते, दर आठवड्याला एक भाग."

मी ओशाळलो. पण ओशाळलो हे कबूल करणारा माणूस मी नाही, कधीच नव्हतो. म्हटलं, एवढ्या घोड्या झालात आणि परीकथा वाचता? लाज वाटत नाही? आणि गॅलरीत येऊन बसलो. बसलो, पण कान आतच होते.

तर अशी माझी त्या कादंबरीशी ओळख झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर मला लागत नाही, म्हणून सई वाचायची आणि मी ऐकायचो. आधी मी ऐकत नसल्यासारखं दाखवून ऐकायचो. मग एका रविवारी मीच विचारलं, काय झालं गं पुढे त्या राणीचं? सईने काही चिडवलं नाही. फोन घेऊन शेजारी येऊन बसली. गुणी पोर आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नीलगडच्या राजाची मुलगी शर्वरी. लढाई नको म्हणून बापाने तिला धुक्याच्या देशाच्या राजाला दिली. त्याचं नाव असित. त्या असितला शाप असा की ज्याला तो रागात हात लावेल, तो माणूस हळूहळू धुक्यासारखा विरत जातो. आणि राग त्याच्या नाकावर. शर्वरीची बोटं विरायला लागलेली. तिकडेच एक सेनापती आहे, त्याला पंख आहेत, तो तिच्यावर जीव टाकतो. झालं. वाचणाऱ्यांचे दोन तट पडले, टीम असित आणि टीम सेनापती. हेतल असितवाली, आमची सई सेनापतीवाली.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, हा पंखवाला नोकरी कुणाची करतो? असितची ना? मग मालकाचं मीठ खाऊन मालकिणीकडे बघतो? नालायक आहे. दोन्ही टीमा माझ्या अंगावर आल्या.

त्या वाचणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. कुणी पुण्याची, कुणी नाशिकची, एक बाई तर परदेशातून बोलते. सईने माझा आवाज भरून तिथे टाकला — पंखवाला नालायक आहे, तो. आणि काय सांगू तुम्हाला, धमाल उडाली. आबा कोण आहेत? आबांना अजून बोलायला सांगा. आबा, असितने माफी मागितली तर शर्वरीने त्याला माफ करावं का? दर भागानंतर माझं मत मागायला लागले सगळे. जन्मभर कारखान्यात मला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे. घरी मी कुणाला बोलू दिलं नाही, ते वेगळं. पण शिकल्यासवरलेल्या पोरी आपण होऊन विचारतायत, हे नवीनच होतं. आवाज भरायच्या आधी मी शर्ट बदलायचो. दिसणार कुणाला होतं? तरी बदलायचो.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

एक भाग आला. शर्वरी पळाली. दलदल, काटे, सगळं तुडवत नीलगडच्या दरवाजाशी आली. बोटं अर्धी विरलेली. बापाला हाक मारली. बाप वर तटावर आला, खाली बघितलं. सई चिडून वाचत होती. बाप म्हणतो, मुली, दरवाजा उघडला तर उद्या लोक काय म्हणतील? तुझं घर आता तिकडे आहे. जा. थोडं सांभाळून घे.

मी म्हटलं, "परत वाच."

सईला वाटलं मला राग आलाय, तिच्यासारखाच. तिने परत वाचलं. *सांभाळून घे.*

तो शब्द त्या लिहिणाऱ्या बाईला कुठून मिळाला? हे मला अजून कळलेलं नाही. राजे लोक असं बोलतात का? सांभाळून घे म्हणणारा माणूस चाळीतला असतो, पायजमा-बनियनमधला. तो तटावर कसा चढला?

ग्रुपमध्ये त्या दिवशी आग लागली. असितवाले आणि सेनापतीवाले पहिल्यांदाच एक झाले आणि सगळे मिळून त्या बापावर तुटून पडले. काय काय बोलले त्याला! आणि मी — मी बापाच्या बाजूने उभा राहिलो. म्हटलं, राजाला प्रजा असते. एका मुलीसाठी दरवाजा उघडला आणि धुकं गडात घुसलं तर? बापालाच कळतं बापाचं. सई म्हणाली, आबा, तुम्ही मस्करी करताय ना? म्हटलं, मस्करी नाही.

हेतलने डोक्याला हात लावला. "आबा, पूरी दुनिया में आप अकेले हो. टीम बाप! एकच मेंबर!"

ते नाव पडलं. टीम बाप. ग्रुपमध्ये माझी चेष्टा सुरू झाली. आबा, आज दरवाजा उघडा आहे का? आबा, बेल वाजवली तर चालेल का? मीही हटलो नाही. जेवढे चिडवतील तेवढा जास्त बोलायचो. आठवडाभर चाललं हे. आणि मग त्यांच्यातल्या एका बाईने एक ओळ लिहिली. सईने ती मोठ्याने वाचली, मग तिचं तिलाच वाटलं वाचायला नको होती. ओळ अशी होती — ज्यांनी स्वतःची मुलगी परत पाठवली असेल, तेच असं बोलू शकतात.

सई माझ्याकडे बघत होती. नुसतीच. तिच्या डोळ्यांत काही संशय नव्हता, उलट बाई माझ्या आबांना असं कशी बोलली म्हणून राग होता. तरी मला ते बघणं सोसलं नाही. मी म्हटलं, "लाव. माझा आवाज लाव."

आणि मी बोललो. काय बोललो ते मला पाठ आहे, कारण ते नंतर मी कितीदा ऐकलं. मी म्हटलं — "बाई, माझी मुलगी नंदा अशीच एके दिवशी दारात येऊन उभी राहिली होती. हाताला मार होता. मी एक शब्द विचारला नाही. म्हटलं, आत ये, पाय धू, जेव. हे घर तुझं आहे, कोण काय म्हणतो ते मी बघतो. असा बाप आहे मी. इतके दिवस राजाची बाजू घेतली ती तुम्हा पोरींची परीक्षा बघायला. बघत होतो, तुमच्यात दम आहे का."

हे सगळं एका दमात. कुठे अडखळलो नाही. इतकं खोटं माणूस इतक्या सफाईने कसं बोलतो? की मनात कुठेतरी ते तयारच होतं, रोज घासून पुसून ठेवलेलं?

ग्रुपमध्ये नुसते हात जोडलेले आणि बदाम. त्या बाईने माफी मागितली. कुणीतरी लिहिलं, प्रत्येक मुलीला असा बाप मिळो. सईने मला मिठी मारली. एवढी मोठी झाल्यापासून मारली नव्हती. म्हणाली, "आबा, माझ्यावर कधी अशी वेळ आली ना, तर मी पप्पांकडे नाही, सरळ तुमच्याकडे येणार."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला मी तो हात.

आता खरं काय झालं ते. किती फिरून आलो बघा, पण तिथे जायलाच हवं.

तेव्हा आम्ही भाईंदरला चाळीत राहायचो. नंदा माझी थोरली. सुरेश तिच्या खूप पाठचा. तिचं लग्न मी जमवलं, घोडबंदरला. मुलगा आमच्या कारखान्यातल्या एकाचा पुतण्या. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, तो पहिल्यापासून पटला नव्हता. म्हणाली होती, ह्याची नजर बरी नाही, बोलताना दुसरीकडेच बघतो. मी म्हटलं, तुला काय कळतं. सगळ्या चाळीत छाती फुगवून सांगत सुटलो होतो, जावई असा शोधलाय की बघत राहाल. गावाकडे भावकीतही सांगून आलो होतो. माझा शब्द होता तो.

लग्नाला वर्ष झालं नसेल. चैत्रातली दुपार होती. सुरेश तेव्हा गावी आजीकडे शाळेला होता. मी दुसऱ्या पाळीला निघायच्या बेतात, आणि दारात नंदा. पिशवी नाही, काही नाही. घोडबंदरहून चालत आली होती म्हणे, निदान बराचसा रस्ता. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मी आता तिकडे जाणार नाही."

हिने तिला आत ओढलं. हात बघितला. डावं मनगट सुजून काळंनिळं झालेलं, बोटांचे वळ उमटलेले. डाव्या कानाच्या खाली रक्त सुकलेलं. हिने पिठलं-भात केला, तिला बाजूला बसवून खाऊ घातलं. मी बघत नव्हतो. मी दाराकडे बघत होतो, बाहेर कोण कोण थांबलंय ते. समोरची बाई धुतलेलंच धुणं परत धूत होती. उद्या नळावर हेच होणार — शोधलेला जावई! एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तुम्ही म्हणाल जागा नसेल. होती. खायला नसेल. होतं. जावयाची भीती असेल. नव्हती, मी तेव्हा दोन माणसांना लोळवीन असा होतो. काहीच नव्हतं. फक्त माझा शब्द खाली पडत होता, आणि तो मला पडू द्यायचा नव्हता.

चाळीत एक कासारीण यायची, बांगड्यांची टोपली घेऊन. तिचा आवाज आला आणि मला युक्ती सुचली. होय, मला. हिला नाही. लेक माहेरपणाला आली की जाताना तिला बांगड्या भरतात, ओटी भरतात. तसं केलं की झालं — बघणाऱ्याला वाटेल, दोन घास खायला आली होती, चालली. मी कासारणीला आत बोलावलं. म्हटलं, हिरव्या भर, दोन्ही हात भरून. वळ दिसायचे नाहीत अशा.

वळ दिसायचे नाहीत, हे शब्द मी बोललो नाही. पण तिने मनगट बघितलं आणि तिला ते कळलं. म्हणाली, "दादा, सूज आहे पोरीला. मोठ्या मापाच्या घालते, सैल बसतील."

सैल बसल्या असत्या तर हात वर करताच कोपरापर्यंत घसरल्या असत्या आणि मनगट उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "सैल नकोत. मापाच्याच घाल."

सुजलेल्या हातावरून मापाच्या बांगड्या कशा चढवतात हे तुम्ही बघितलंय का? तेल लावून, पंजा दाबून, एक एक. नंदाने पदर दातात धरला होता. तिच्या तोंडून आवाज आला नाही. एक बांगडी फुटून रुतली, तिथे हिने हळद दाबली. कासारीण माझ्याकडे मान वर करून बघेना. आणि मी काय करत होतो? मी उभा राहून नीट बसतायत ना ते बघत होतो. पॉलिश झालेलं भांडं उजेडात धरून बघावं, तसं.

मग ओटी भरली. ती गॅलरीत, सगळ्यांना दिसेल अशी. मी मुद्दाम मोठ्याने बोललो, लेकीचं माहेरपण झालं, आता सोडून येतो. नंदा वाकून माझ्या पाया पडली. तेव्हा हळू विचारलं तिने, "आजची रात्र राहू का फक्त?"

मी म्हटलं, "सांभाळून घे."

घोडबंदरला मी तिला स्वतः घेऊन गेलो. जावयाच्या घरी चहा प्यायलो. तो काहीतरी विनोद बोलला, त्यावर हसलो. हसलो मी. ती आत गेली आणि मी परत आलो.

नंतर किती वर्षं ती तिथे राहिली ते मी धड सांगू शकत नाही, कारण मी विचारलंच नाही. डाव्या कानाने तिला आता जवळजवळ ऐकू येत नाही. लोकांना सांगते लहानपणी ताप डोक्यात गेला. लहानपणी तिला ताप आलेला मला आठवत नाही. मग कधीतरी ती आपली आपण तिथून निघाली आणि इकडे उत्तनच्या वाटेवर डोंगरी आहे, तिथे एक खोली भाड्याने घेऊन राहिली, कपडे शिवते. आमच्याकडे आली नाही. ती निघाली हे मला परक्या माणसाकडून कळलं. एकदा दार बघितलं होतं तिने, दुसऱ्यांदा कशाला येईल? ही मरेपर्यंत त्या दुपारबद्दल माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. मला वाटायचं, विसरली. किती सोयीचं वाटायचं मला.

म्हणजे आता खरं काय ते जाणणारे दोघंच उरलो. मी आणि नंदा. सुरेशला तेव्हाही सांगितलं होतं, ताई माहेरपणाला येऊन गेली.

भाऊबीजेला नंदा येते. दरवर्षी येते, भावासाठी. माझ्याशी बोलते, औषध घेतलं का विचारते, पण माझ्या खोलीत बसत नाही. गेल्या भाऊबीजेला ती स्वयंपाकघरात नारळ खोवत होती आणि सईला काय हुक्की आली, ती फोन घेऊन धावत आली. "आत्या, तू आबांना ओळखतच नाहीस. ऐक, तुझ्या बाबांनी ग्रुपमध्ये काय सांगितलंय."

मला कळलं. मी सोफ्यावर होतो, उठायला हवं होतं. फोन हिसकावून घ्यायला हवा होता, पडलो असतो तरी चाललं असतं. नाही उठलो. सईने आवाज मोठा करून लावला. आणि भर दिवाळीत, सगळ्या घरासमोर माझा आवाज आला — आत ये, पाय धू, जेव. हे घर तुझं आहे.

नंदा ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. उजवा कान पुढे करून ऐकत होती. संपेपर्यंत हलली नाही.

सुरेश म्हणाला, "ताई? एवढं झालं होतं आणि तू मला कधी बोलली नाहीस?"

सई म्हणाली, "खरंय ना आत्या? आबांनी घेतलं होतं ना तुला आत?"

मी खाली फरशीकडे बघत होतो. आता ती सांगणार, असं मला वाटलं. आणि खोटं नाही बोलत, मला आतून थोडं बरंही वाटलं — सांगून टाक बाई, संपू दे.

नंदा म्हणाली, "हो. घेतलं ना."

मग म्हणाली, "आईने पिठलं-भात केला होता."

"आणि आबांनी?"

"बाबांनी पाय धुवायला पाणी दिलं."

सूनबाईने डोळ्याला पदर लावला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि ह्याच वेळी, जेव्हा गप्प बसणं तरी माझ्या हातात होतं, मी मान वर करून म्हणालो, "मग? बाप कशाला असतो?"

सईने टाळ्या वाजवल्या. नंदा परत आत गेली. नारळ खोवल्याचा आवाज सुरू झाला.

संध्याकाळी तिला बसपर्यंत सोडायला मी गेलो. सुरेश निघाला होता, मी हट्टाने त्याला बसवलं. रिक्षात तिच्या उजव्या बाजूला बसलो. भाईंदरला उतरलो, उत्तनकडची बस लागायची होती. मला आभार मानायचे होते. काय शब्द आहे बघा — आभार. मी म्हटलं, "नंदे, तू आज माझी लाज राखलीस."

ती बस येते त्या बाजूला बघत होती. म्हणाली, "तुमच्यासाठी नाही बोलले मी, बाबा."

मी खिशात सुटे पैसे शोधायला लागलो.

"सई म्हणाली मला आत. उद्या तिचं काही बिनसलं तर ती तुमच्याकडे येणार आहे म्हणे. खरं सांगितलं असतं तर मग ती कुणाकडे गेली असती? मला कुणी नव्हतं. तिला वाटतंय ना कुणी आहे, वाटू दे." मग पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "आणि ती आलीच, तर तेवढं खरं करा."

बस आली. ती चढली.

सईला मी अजून सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगायला बरं होतं की नंदाच्या शब्दाखातर गप्प आहे, सईच्या भल्यासाठी गप्प आहे. मी स्वतःला तसं सांगूनही बघितलं. पण ते खरं नाही. नंदा काही बोलली नसती तरी मी गप्पच राहिलो असतो. ग्रुपमध्ये नवीन कुणी आलं की अजून माझा तो आवाज त्यांना ऐकवतात, आणि सई माझ्याकडे वळून हसते. ते हसणं नंदाचं आहे, तिच्या वाट्याचं. मी ते घेतो. काल संध्याकाळीही घेतलं.